खोटा अलार्म

"…पण खोटं बोलणाऱ्याचं तोंड बंद केलं, तर त्यात चुकलं काय, वस्ताद?"

होडेकर वस्ताद ओटीवर बसून ओले काजूगर सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण खोटं बोलतंय?"

"अलार्म."

वस्तादांनी आणखी एक काजू उकलला. गर ताटलीत टाकला.

यासीन होडेकरांची उमेदीची सगळी वर्षं समुद्रावर गेली होती. मोठाल्या बोटींवर ते विजेचे मुख्य अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर ते दाभोळच्या खाडीकाठी, धोपाव्याच्या आपल्या घरी येऊन राहिले. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं देशोदेशीच्या बोटींवर होती. ती सगळी त्यांना वस्ताद म्हणत.

हर्षदा धुरी ही त्यांची शेवटची शिष्या. कॉलेजात पहिली आलेली. हे ती स्वतः विसरत नसे आणि इतरांनाही विसरू देत नसे. आता ती 'चित्रांगी' या मालवाहू बोटीवर विजेची अधिकारी होती. खलाशी तिला बत्तीसाहेब म्हणत, आणि ते तिला आवडत असे.

चित्रांगी दुरुस्तीसाठी खाडीत आली होती. दुरुस्ती झाली. बॉक्साइट भरून झालं. पावसाळ्यापूर्वीची ही शेवटची खेप. मंगळूरला माल उतरवला की सगळे आपापल्या घरी जाणार होते.

खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. भरलेली बोट त्यावरून जायची तर उधाणाची भरती लागते, आणि तीही दिवसाउजेडी. उधाण उतरत चाललं होतं. आजच्या दुपारच्या भरतीला पाणी पुरेसं होतं. उद्याच्या भरतीला जेमतेम. त्यानंतर पुढच्या उधाणाची वाट बघायची, आणि तोवर पाऊस लागला तर बोट चार महिने खाडीतच.

अशा दिवशी सकाळी हर्षदा बोट सोडून वस्तादांच्या ओटीवर आली होती.

तिनं सगळं सांगितलं. ब्रिजवर, म्हणजे बोट जिथून हाकतात त्या वरच्या खोलीत, चाक फिरवलं की तो हुकूम तारांमधून मागे सुकाणूपर्यंत जातो. त्या यंत्रणेला वीज जनरेटरकडून मिळते, आणि जनरेटर बंद पडलाच तर बॅटऱ्यांकडून. व्होल्टेज खाली आलं की अलार्म वाजायला हवा. पण हा अलार्म उगाचच वाजत होता. चाक जोरात फिरवलं की एकदा चिरकायचा आणि गप्प व्हायचा. मीटर लावून पाहावं तर व्होल्टेज पूर्ण. तिनं तारा तपासल्या होत्या. अलार्मचा रिले बदलला होता. बॅटऱ्या तर कोऱ्या होत्या. कंपनीशी भांडून, याच हव्यात म्हणून तिनंच त्या मागवल्या होत्या आणि स्वतःच्या हातांनी बसवल्या होत्या.

तेव्हा दोष उरला तो अलार्ममध्ये. त्याची मर्यादा थोडी खाली आणली की तो वाजायचा थांबेल.

"मग आण खाली," वस्ताद म्हणाले. "तुझी बोट आहे. इथे कशाला आलीस?"

हर्षदानं ताटलीतला एक गर उचलला, परत ठेवला.

"तुम्ही हो म्हणालात, तर बरं वाटेल."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तरी करीन."

वस्ताद हसले. हाताला काजूचा चीक लागला होता. त्यावर त्यांनी खोबरेल चोळलं, हात पुसले आणि उभे राहिले.

"चल," ते म्हणाले. "त्याचं म्हणणं तरी ऐकू."

चित्रांगी धक्क्याला बांधलेली होती. कप्तान रघुवीर तांडेल ब्रिजवरच होते. होडेकरांना ते ओळखत होते. त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. बोट खाडीबाहेर काढून देणारा पायलट अकराला येतो आहे, असं सांगितलं. सगळं तयार आहे, धुरीनं सकाळीच तसं कळवलंय, हेही सांगितलं.

वस्तादांनी हर्षदाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

बोट बांधलेली आहे तोवर सुकाणूची एक चाचणी घेऊ द्याल का, असं वस्तादांनी विचारलं. कप्तानांनी हात पुढे करून खुशाल घ्या अशी खूण केली.

"जनरेटरचा खटका पाड," वस्ताद हर्षदाला म्हणाले.

"बॅटऱ्या नव्या आहेत, वस्ताद."

त्यांनी हनुवटीनंच खटका दाखवला.

तिनं खटका पाडला. सुकाणूचं पॅनल क्षणभरही विझलं नाही. वीज बॅटऱ्यांवर आली, सगळे दिवे पेटलेले राहिले. मीटरचा काटा जागच्या जागी. हर्षदानं त्याकडे बोट दाखवलं. शिकत असतानाही गणित सुटलं की ती अशीच वही पुढे करायची.

"आता चाक फिरव."

तिनं चाक डावीकडे घेतलं.

अलार्म चिरकला. पॅनलवरचे दिवे पिवळे पडले. मग विझले. सुकाणू कुठे वळलंय हे दाखवणारा काटा अर्ध्यावर थांबला. तिनं चाक उजवीकडे घेतलं, पुन्हा डावीकडे घेतलं. काटा हलला नाही.

आणि अलार्मही बंद झाला.

 खाली बोटीच्या अंगाला पाणी लागत होतं, त्याचा आवाज वर येत होता…

वस्तादांनी कानामागे हात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"खोटं बोलायचा थांबला म्हणायचा."

हर्षदानं खटका वर केला. दिवे आले. ती गुडघ्यांवर बसली, पॅनलचं झाकण उघडलं आणि अलार्मची तार बोटानं धरून मागे मागे गेली. तार खाली, सुकाणूला वीज देणाऱ्या त्याच बॅटऱ्यांकडे जात होती.

तारांच्या नकाशात तिनं ही तार शंभरदा पाहिली असेल. व्होल्टेज थोडं उतरलं तर अलार्म ओरडू शकत होता. पुरतं गेलं, तर त्याच्याबरोबर तोही जात होता.

मग ती खाली उतरली आणि एकेका बॅटरीवर भार टाकून मोजत गेली. एक बॅटरी नुसती पाहिली तर ठणठणीत होती. भार पडताच ती बसत होती. ती कारखान्यातूनच तशी आलेली असणार. चाक जोरात फिरलं की जनरेटर एकटा कमी पडायचा, ही बॅटरी हात द्यायची नाही, आणि तेवढ्या क्षणापुरता अलार्म चिरकायचा. इतके दिवस तो एकच गोष्ट सांगत होता.

बॅटरी बसवताना हर्षदानं ती भाराविना मोजली होती. नवी आहे, मग आणखी काय बघायचं, असं तिला वाटलं होतं.

ती वर आली तेव्हा वस्ताद जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

तिनं त्यांना सगळं सांगितलं. तशी बॅटरी बोटीवर दुसरी नाही, रत्नागिरीहून आणावी लागेल. अलार्मला वेगळी वीज द्यावी लागेल. आज संध्याकाळपर्यंतही हे होणार नाही.

"मग?" वस्तादांनी विचारलं.

"तुम्ही कप्तानांना सांगा. तुमचं ते ऐकतील."

"मी या बोटीवर कोण?"

तिनं हातातला मीटर खाली ठेवला.

"पाहुणा," त्यांनीच उत्तर दिलं. "चहा प्यायला आलेला."

कप्तान तांडेल वाईट माणूस नव्हते. त्यांनी हर्षदाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आपली बाजू मांडली. जनरेटर आजवर कधी दगा देऊन गेलेला नाही. शिवाय दुसरा जनरेटर आहेच. मुखातून बाहेर पडायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ मागे सुकाणूपाशी दोन माणसं उभी करू, वीज गेलीच तर ती हातानं सुकाणू वळवतील. एकदा मोकळ्या पाण्यात गेलो की मग कसली भीती. उद्याचं पाणी जेमतेम आहे. उद्या काही राहून गेलं, तर ही सगळी माणसं पावसाळाभर इथे अडकतील. स्वयंपाकी कासमचं तर मंगळूरला डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं आहे.

यातलं काहीच खोटं नव्हतं. हर्षदालाही ते ठाऊक होतं.

तिनं एकच गोष्ट मांडली. अंजनवेलच्या टेकडीखाली बोटीला वळण घ्यावं लागतं. तिथे एका बाजूला खडक आहे, दुसऱ्या बाजूला वाळू. वीज तिथे गेली तर कुणालाही कळणार नाही, कारण अलार्म रोजच्यासारखाच एकदा चिरकून गप्प होईल. ब्रिजवरचा माणूस चाक फिरवेल आणि बोट वळत्येय असं समजेल. मागच्या माणसांना आवाज जाईतो बोट खडकावर असेल.

कप्तानांनी जरा विचार केला. मग ते होडेकरांकडे वळले.

"होडेकरसाहेब, तुम्ही सांगा. निघावं की निघू नये?"

वस्तादांच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी चहा संपवला. कप बशीत ठेवला.

हर्षदा त्यांच्याकडे बघत होती. एक शब्द पुरला असता…

वस्ताद उठले आणि बाहेरच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. पाठमोरे.

"बघ," कप्तान हलकेच म्हणाले. "तुझे गुरुजीसुद्धा थांबा म्हणत नाहीयेत. आणि सकाळी तयार आहे म्हणालीस, ते कोण बोललं होतं?"

हर्षदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिथून निघून जावं, असं तिला वाटलं. अलार्मच्या मर्यादेचा स्क्रू पाव वळसा फिरवला तर कुणालाही काही कळणार नाही, असंही वाटून गेलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मीच बोलले होते," ती म्हणाली. "बॅटऱ्या मीच निवडल्या, मीच बसवल्या. नीट मोजल्या नाहीत. सकाळी तयार आहे म्हणाले, ते चुकलं. आता नाही म्हणत्येय, ते चूक नाही."

"मला कंपनीला कळवावं लागेल. भरती कुणामुळे गेली ते."

"कळवा. माझं नाव पुरतं लिहा, सर. हर्षदा मोहन धुरी. पण सुकाणू तयार आहे, असं मी म्हणणार नाही."

कप्तान तांडेलांनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी फोन उचलला आणि पायलटला येऊ नका म्हणून सांगितलं.

दुपारी खाडी काठोकाठ भरली. खलाशी कठड्याला टेकून ते पाणी बघत उभे होते.  पाणी जरा वेळ थांबलं, आणि मग उतरायला लागलं.

त्या दिवशी तिला बत्तीसाहेब म्हणून कुणी हाक मारली नाही. कासमनं ताट तिच्यापुढे ठेवलं आणि पाठ फिरवली. तिनं दोन घास खाल्ले. मग ती स्वतःच स्वयंपाकघरात गेली आणि त्याला म्हणाली, तुमच्या ऑपरेशनच्या आड मी आले, याचं मला वाईट वाटतंय. तरी उद्या असंच झालं, तर उद्याही आड येईन. कासम भांडी विसळत राहिला. 

बॅटरीची गाडी रत्नागिरीहून निघाली होती. ती येईतो हर्षदानं अलार्मची तार सोडवली. त्याला त्याची स्वतःची लहानशी बॅटरी दिली, सुकाणूच्या विजेपासून अगदी वेगळी, आणि नुसता जनरेटर गेला तरी तो वाजेल अशी जोडणी केली. वस्ताद शेजारी स्टुलावर बसून होते. ते कशालाही हात लावत नव्हते. पक्कड मागितली तरी देत नव्हते. तिनं एकदा रागानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि उठून स्वतः पक्कड घेतली.

पहाटे बॅटरी आली. तिनं ती जोडण्याआधी भार टाकून मोजली. पुन्हा मोजली. जोडली. मग ब्रिजवर जाऊन खटका पाडला.

अलार्म कर्कश वाजायला लागला, आणि वाजतच राहिला. तिनं चाक या टोकाहून त्या टोकाला नेलं. काटाही या टोकाहून त्या टोकाला गेला. कप्तान कानांवर हात ठेवून आत आले. हर्षदानं त्यांना सगळं एकवार करून दाखवलं. मग बॅटऱ्यांचाही खटका पाडला. पॅनल मेलं, अलार्म मात्र ओरडत राहिला.

"आता तयार आहे," ती म्हणाली.

कप्तानांनी मान डोलावली.

त्या दिवशीच्या भरतीला चित्रांगी निघाली. मुखापर्यंत वस्तादही बोटीवर होते. पायलटच्या लाँचमधून ते परत जाणार होते.

पाणी खरंच जेमतेम होतं. अंजनवेलखाली वळण आलं तेव्हा हर्षदा पॅनलपुढे उभी होती. कप्तानांनी हुकूम दिला, चाक फिरलं, बोटीनं नाक वळवलं. खडक डाव्या हाताला जवळ आला आणि मागे पडला. वाळूच्या बांधावरून जाताना बोटीचं अंग एकदा जड झाल्यासारखं वाटलं. मग खाली खोल पाणी लागलं, आणि समोर मोकळा समुद्र होता.

जनरेटर एका लयीत चालू होता. एकही दिवा मिचकला नाही. अलार्म वाजला नाही.

कप्तान तांडेलांनी टोपी काढून कपाळ पुसलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ते सहज म्हणाले की सगळं सुरळीत झालं. जनरेटर हूं की चूं न करता चालला. कालही असाच चालला असता. काल पाणीही जास्त होतं.

हर्षदानं ते ऐकून घेतलं. 

लाँच बोटीला येऊन लागली. पायलट शिडीवरून उतरले. वस्तादांनी चपला काढून पिशवीत टाकल्या आणि कठड्यावरून पाय पलीकडे टाकला. हर्षदानं त्यांचा हात धरला होता. तो तिनं सोडला नाही.

"वस्ताद…"

ते शिडीवर थांबले.

"कप्तान म्हणतात ते खरं असेल. काल गेलो असतो तरी काही झालं नसतं. सगळ्यांना ताटकळत ठेवलं, कंपनीकडे नाव गेलं… मी बोट थांबवली ते बरोबर होतं की नव्हतं, हे मला कळणार कसं?"

खाली लाँच लाटेबरोबर वर-खाली होत होती. लाँचवाल्यानं होडेकरांना घाई करा म्हणून हाक दिली.

वस्तादांनी तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"ते आता कधीच कळणार नाही," ते म्हणाले. "त्यासाठीच तर थांबवलीस."